शेवाळाची चतुःसीमा

श्रावण लागला की आमच्या घराच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर माझा भरवसा राहत नाही. वर्षभर ज्यांनी मला मुकाट्यानं वर-खाली नेलं, त्याच पायऱ्या या दिवसांत अंगावर हिरवट-काळा, बुळबुळीत थर चढवून बसतात. मी काथ्यानं घासते, राख टाकते, चुन्याची निवळ ओतते. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी थर परत हजर. कुठून येतो? बी नाही, मूळ नाही, फूल नाही. ज्याचं येणं दिसत नाही त्याच्याविषयी मला पहिल्यापासून संशय आहे. खरं सांगायचं तर मला बहुतेक गोष्टींविषयी संशय असतो. दुधाच्या मापाविषयी, फार गोड बोलणाऱ्या पाहुण्याविषयी, न विचारता मदतीला आलेल्या शेजाऱ्याविषयी. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "तू देवळात गेलीस तरी आधी देव जागेवर आहे का ते बघतेस."

यंदा शुभा आली ती याच पायऱ्यांवरून घसरता घसरता वाचली. शुभा म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, दत्तूभाऊजींची मुलगी. मुंबईला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भाऊजी गेल्या वर्षी गेले. त्यांची एक पत्र्याची ट्रंक तिनं बरोबर आणली होती. तिनं पायरीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "काकू, हे शेवाळ नव्हेच. म्हणजे आम्ही लहानपणापासून शेवाळ म्हणत आलो, पुस्तकातही तसंच होतं. आता याला वनस्पतींतून काढून जिवाणूंच्या गोतात बसवायला लागलेत. पटकीचे जिवाणू, दह्याचे जिवाणू, त्यांचे हे भाऊबंद. फक्त यांना उन्हावर जगता येतं."

"मी म्हणतच होते," मी म्हटलं.

"कुणाला?"

"तुझ्या वडिलांना."

 मी चहाचं आधण ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

तिसाच्या पुढची सालं ती, चौतीस की पस्तीस, आता नेमकं सांगता यायचं नाही. गुहागरच्या बाजूला, वेळणेश्वराच्या अलीकडे आमचं गाव. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, मांडीवर सात महिन्यांची मुलगी होती. हे मुंबईला नोकरीला. पावसाळ्यात आगबोट बंद व्हायची, मग नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत त्यांचं नुसतं पत्रच यायचं, तेही ओलं होऊन. घरात सासूबाई, मी आणि खालच्या वाडीतून कामाला येणारी भागी. शेती आम्ही तिघी बघत असू. त्या वर्षी ज्येष्ठातच दत्तूभाऊजी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून घरी आले ते परत जायचं नावच घेईनात. बरोबर कपडे दोन जोड आणि बाटल्या चार डझन. शिवाय एक पितळी यंत्र, ज्याला गावात सगळे दुर्बीणच म्हणत. कॉलेज सुरू असताना कॉलेजातला माणूस घरी का राहतो, हा माझा पहिला संशय. विचारलं की म्हणायचे, "अभ्यास आहे, वहिनी."

अभ्यास कसला, तर शेवाळाचा. सड्यावरच्या कातळावर उन्हाळ्यात जळक्या कागदासारखे काळे पापुद्रे पडलेले असतात. पहिल्या दोन सरी झाल्या की ते फुगून जेलीसारखे लिबलिबीत होतात. ते त्यांनी बाटलीत भरले. विहिरीच्या तोंडाशी ओघळलेलं हिरवं भरलं. खाडीकडच्या खाजणातला, मिठानं पांढऱ्या पडलेल्या चिखलावरचा निळसर साका भरला. देवळाच्या पायऱ्यांवरचं, माडाच्या बुंध्यावरचं, गुरांच्या डोणीतलं, सगळं भरलं. एकदा तीन दिवस कुठं गेले ते दापोलीकडच्या गरम कुंडावरून शेवाळ घेऊन आले. जिथं हात घालवत नाही अशा पाण्यात ते गुण्यागोविंदानं राहत होतं म्हणे. मला हे ऐकून त्या शेवाळाविषयी जास्तच वाईट वाटलं. कातळही चालतो, मीठही चालतं, कढत पाणीही चालतं, देऊळही चालतं. ज्याला कुठलंच घर वर्ज्य नाही त्याच्यावर विश्वास कसा टाकायचा?

पडवीतल्या फळीवर त्यांनी बाटल्या लावल्या. रंगावर नाही, आकारावर नाही, तर ठिकाणावर. कातळाच्या बाटल्या एकीकडे, गोड्या पाण्याच्या एकीकडे, खाऱ्या पाण्याच्या एकीकडे, भातातल्या एकीकडे. म्हणाले, "वहिनी, यांची कुळं लावणारे मोठमोठे लोक आपसांत भांडतायत. म्हणून मी आधी कोण कुठं राहतो तेवढं लिहून ठेवतोय." सासूबाई देवपूजेची फुलं घेऊन जाताना फळीकडे बघून म्हणाल्या, "माझ्या मते तीनच जाती. देवळातलं देवाचं, विहिरीतलं माणसाचं आणि बाकीचं भुताचं." भाऊजी हसले आणि त्यांनी तेही वहीत लिहिलं. मीही माझी वर्गवारी केली होती. जिथं पाय घसरतो ते वाईट आणि जिथं अजून घसरलेला नाही तेही वाईट.

एकदा त्यांनी मला त्या दुर्बिणीत बघायला बोलावलं. एक डोळा मिटून बघितलं तर आत हिरवे-निळे मणी ओवलेली सर दिसली. सगळे मणी सारखे, मध्येच एक मोठा, फिकट, जाड कडेचा. मी विचारलं, "हा कोण?" ते म्हणाले, "तेच कुणाला ठाऊक नाही. सगळे कामाला असतात, हा वेगळाच बसलेला असतो. काय करतो कळत नाही." मी म्हटलं, "काही करत नसेल. अशी माणसं प्रत्येक घरात असतात." बोलले ते त्यांनाच उद्देशून. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. ते पुन्हा यंत्रावर वाकले.

आता कुणग्याचं सांगते. आमच्याकडे भाताच्या बांधीव तुकड्याला कुणगा म्हणतात. आमचे पाच कुणगे होते, त्यात फणसाखालचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात खाली. वरच्या चार कुणग्यांना शेण पडायचं, पालापाचोळ्याचा राब भाजला जायचा. फणसाखालच्यापर्यंत जाईतो शेण संपलेलं असायचं. तरी दरवर्षी तोच भरभरून द्यायचा. घरातलं निम्मं वर्ष त्याच्यावर निघायचं. आम्हाला त्याचं नवल वाटत नसे, तो देतो म्हणून आम्ही घेत होतो. नवल वाटलं भाऊजींना. जेवताना एकदम म्हणाले, "आई, त्या कुणग्याला खायला कोण घालतं?"

सासूबाई म्हणाल्या, "देव घालतो. तू आमटी ओरप."

पण त्यांच्या डोक्यातून ते जाईना. त्यांचा संशय शेवाळावर होता. लावणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की त्या कुणग्यात पाण्याच्या तळाशी शेवाळ धरायचं. ऊन पडलं की बुडबुडे धरून त्याचे पापुद्रे सुटून वर यायचे आणि रोपांच्या कमरेशी दाटायचे. आमच्यात ते भाताला गुदमरवतं असं समजून बेणणीच्या, तण काढायच्या वेळी बायका टोपल्यांनी उपसून बांधावर टाकत. पिढ्यान्‌पिढ्या उपसत आलो होतो. भाऊजींचं म्हणणं, हेच भाताला पोसत असेल तर? त्यांचा संशय आणि माझा संशय त्या वर्षी एकाच कुणग्यावर येऊन बसला. फरक एवढाच की ते आपल्या संशयाला प्रश्न विचारत होते आणि मी माझ्या संशयाला दूध पाजत होते.

मी असं का करत होते तेही सांगायला हवं. माझं माहेर आंजर्ल्याचं. माझ्या लहानपणी काकांनी आमच्या शेतात मध्येच एक बुटका बांध घातला. बाबांनी विचारलं तर म्हणाले, पाणी अडवायला. पुढच्या वर्षी तो बांध हातभर उंच झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी वाटणीपत्रात त्याचं नाव आलं. बाबांनी ते ओसरीवर वाचलं होतं. येणेप्रमाणे चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस मधला बांध. मधला बांध इथपर्यंत वाचून त्यांनी कागद आईच्या हातात दिला, तिला वाचता येत नव्हतं तरी.

आषाढातल्या एका दुपारी भाऊजी बाहेर गेलेले बघून मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. "फणसाखालचा कुणगा. पूर्वेस पऱ्या, पश्चिमेस पाणंद, उत्तरेस फणस, दक्षिणेस वरच्या कुणग्याचा बांध. बांधापासून चार हात आत." दुसरीवर तेच, सहा हात आत. तिसरीवर आठ हात.  शेवाळाला चतुःसीमा कशाला लागते? मला त्या बाटल्यांत शेवाळ दिसेनाच, कोर्टाचे कागद दिसायला लागले. ह्यांना पत्र लिहावं तर ते पंधरा दिवसांनी पोचणार. सासूबाईंना सांगावं तर दोन्ही मुलं त्यांचीच.

आणि आठ दिवसांत भाऊजींनी खरंच बांध घातला. फणसाखालच्या कुणग्यात, मधोमध, पूर्व-पश्चिम. चिखलाचा, वीतभर उंचीचा, हातानं थापून गुळगुळीत केलेला. मी इरलं सावरत काठावर उभी राहून बघत होते. ते कमरेपर्यंत चिखलात माखलेले, पण तोंडावर आनंद. म्हणाले, "वहिनी, या अर्ध्यातलं शेवाळ उपसायचं, त्या अर्ध्यातलं तसंच ठेवायचं. शेण कुणालाच नाही. कापणीला दोन्हीकडचं भात वेगळं झोडायचं. फरक दिसला तर कॉलेजातले साहेब मला संशोधनाला ठेवून घेणार आहेत. नाही तर मला परत बोलावणार नाहीत." आणि मग, अगदी सरळ, माझ्याकडे बघत म्हणाले, "या कुणग्यावर माझं पुढचं सगळं आहे, वहिनी."

इतकं स्वच्छ कुणी बोललं नसेल. पण मी आंजर्ल्याच्या ओसरीवर उभी होते. मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की या कुणग्यावर भाऊजींचा डोळा आहे.

मी पंधरा दिवस झोपेत आणि जागेपणी तो बांध बघत होते. पाऊस जोराचा आला की वाटायचं वाहून जाईल, पण बांध जागेवर असायचा. उपसलेल्या अर्ध्यात पाणी आरशासारखं, न उपसलेल्या अर्ध्यात निळसर हिरवी गोधडी. भाऊजी दिवसातून दोनदा जाऊन बघत. एका श्रावणी सोमवारी उजाडता उजाडता मी उठले. सासूबाई पूजेला बसल्या होत्या, भाऊजी देवळात गेले होते. भागी गोठा झाडून आत आली होती. तिला म्हटलं, "पोरीकडे बघ, मी आलेच." फावडं घेतलं आणि गेले. तीन ठिकाणी बांध कापला. पाणी घुसलं आणि त्याच्यामागून शेवाळाचे पापुद्रे सावकाश, पाहुण्यांसारखे, पलीकडे गेले. मी ते सगळं जाईपर्यंत उभी राहिले. बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? बाबांना तोडता आलं नव्हतं ते मी तोडलं, असं वाटलं.

घरी आले, पाय धुतले, फोडणीला बसले आणि बघते तर डाव्या पायातलं जोडवं नाही.

ते कुठं पडलं असेल हे मला त्याच क्षणी कळलं. चिखलात पाय रुतला होता, मी हिसका देऊन काढला होता. पण तिथं शोधायला जायचं म्हणजे मी तिथं गेले होते हे सांगायचं. आणि मग दुसरी गोष्ट कळली. भागीनं मला फावडं घेऊन जाताना पाहिलं होतं. पुढचं मी स्वतःशीसुद्धा कित्येक वर्षं बोललेले नाही, आज लिहिते. त्या दिवशी बेणणीला बायका जमल्या होत्या. न्याहारीच्या वेळी सगळ्यांच्या समोर मी म्हटलं, "सकाळी पायात जोडवं होतं. घरात भागीशिवाय कुणी आलं नाही."

भागी भाकरी मोडत होती. तिनं ती खाली ठेवली. "वयनी, काय बोलतांव?"

सासूबाई म्हणाल्या, "अगो, पायातलं जोडवं कुणी काढून नेतं नि बाईला कळत नाही? झोपली होतीस की मेली होतीस?" बायका हसल्या. मी हसले नाही. मी म्हटलं, "ढिलं झालं होतं. न्हाणीच्या दगडावर काढून ठेवलं होतं." हे खोटं मला इतकं चटकन सुचलं की माझं मलाच नवल वाटलं. आता भागी काय हवं ते बोलली असती तरी चोरी अंगावर आलेली बाई बोलते म्हणून कुणी मनावर घेतलं नसतं. तिनं माझ्याकडे बघितलं, अंगावर इरलं घेतलं आणि अर्ध्या बेणणीतून उठून गेली. पुन्हा आमच्या शेतात आली नाही. त्या वर्षी तिला दुसऱ्यांच्याही शेतात कुणी बोलावलं नाही.

भाऊजी दुपारी कुणग्यावर गेले. मी लांबून बघत होते. ते उकिडवे बसून कापलेल्या जागा बघत राहिले. खेकडा बांध पोखरतो तेव्हा गोल भोक पडतं, फावड्याची कड सरळ असते, हे कळायला शेतकी कॉलेजात जावं लागत नाही. तिथून ते घरी न येता पऱ्याचा ओढा ओलांडून खालच्या वाडीकडे गेले. दिवेलागणीला परत आले. सासूबाईंनी विचारलं, "बांधाला काय झालं रे?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "खेकडे." एवढंच. मी महिनाभर वाट बघितली की ते आता बोलतील, उद्या बोलतील. बोलले असते तर भांडले असते, रडले असते, सुटले असते. ते मला पूर्वीसारखंच वहिनी म्हणत राहिले. मला त्यात डाव दिसायचा.

त्या आश्विनात फणसाखालच्या कुणग्यानं कधी दिलं नव्हतं इतकं भात दिलं. सगळीकडे सारखं. सासूबाईंनी कणग्या भरताना देवाला हात जोडले. भाऊजी झोडणीपाशी उभे होते, त्यांच्या हातातल्या वहीत दोन रकाने आखलेले होते आणि दोन्ही कोरे होते. कुणाशी तुलना करणार? कापणी-झोडणी आटपली तसे ते बोटीनं मुंबईला गेले आणि एका रंगाच्या वखारीत कारकून झाले. कॉलेजचं नाव पुन्हा घेतलं नाही. काही वर्षांनी दुसऱ्याच मुलखातल्या दुसऱ्याच कुणीतरी भातातल्या शेवाळाचं ते कोडं सोडवलं, असं त्यांनीच एकदा वर्तमानपत्र वाचता वाचता सांगितलं. चहा पीत होते. म्हणाले, "बरोबर निघालं, वहिनी." जमिनीतला वाटा त्यांनी कधी मागितला नाही. उलट आमच्या ह्यांच्या नावावर सही करून दिला. मी तो कागद दोनदा वाचला, कुठं मेख आहे का बघायला.

तर ही ट्रंक. शुभानं ती माजघरात उघडली. आत दुर्बीण, वही आणि बाटल्या. पाणी केव्हाच उडून गेलेलं, तळाशी काळी खपली. शुभानं गंमत म्हणून एका बाटलीत विहिरीचं पाणी घातलं आणि ती खिडकीत ठेवली. मी म्हटलं, चाळीस वर्षांत मेलं असेल ते. आठव्या दिवशी खपलीच्या कडेला हिरवं दिसायला लागलं. पंधराव्या दिवशी बाटली हिरवी. चाळीस वर्षं मेल्याचं सोंग घेऊन ते नुसतं पडलं होतं. मी जेवताना त्या खिडकीकडे पाठ करून बसायला लागले.

शुभानं त्या मोठ्या मण्याचंही सांगितलं. तो रिकामा बसलेला नसतो. हवेतलं खत पकडायचं काम तोच करतो, म्हणून त्याला बाकीच्यांसारखं उन्हावर जगणं सोडावं लागतं. आपण पकडलेलं तो शेजारच्यांना देतो आणि ते त्याला जगवतात. त्याच्यातून पुढं दुसरे मणी होत नाहीत. मी ऐकून घेतलं आणि भांडी आवरायला उठले.

शेवटच्या बाटलीत शेवाळ नव्हतं. वाजली म्हणून शुभानं ती माझ्या हातात दिली. आत काळं पडलेलं जोडवं. चिठ्ठीवर भाऊजींचं बारीक, सरळ अक्षर. "फणसाखालचा कुणगा, मधला बांध, दुसरं भगदाड. कापणीनंतर सापडले." खाली 'वर्ग' असं लिहून पुढं रेघ मारलेली होती आणि रेघेवर काही लिहिलं नव्हतं.

शुभानं विचारलं, "कुणाचं हो काकू?" मी म्हटलं, "माझं." बऱ्याच वर्षांत मी इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

परवा मी भागीकडे गेले. पऱ्यावरच्या साकवावरून, काठी टेकत. चाळीस वर्षांत आम्ही वाटेत शंभर वेळा भेटलो असू. ती पदर ओढून बाजूला व्हायची, मी पुढं जायचे. ती पडवीत कुळीथ निवडत बसली होती. मी बाटली तिच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. न्हाणीचा दगड, फावडं, सगळं. ती कुळीथ निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "म्हायत हाय. धाकले दादा त्याच दिवशी आल्ये व्हते. इचारलंनी, बांध कोणी फोडलान, भागी?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खेकडं."

मला बसायला जागा नव्हती, मी तिथंच उंबऱ्यावर टेकले. म्हटलं, "का गो? मी तुला चोर म्हटलं होतं."

"चोर म्हनून घराबायर पडले ती पडले. वर चुगली करनारी म्हनून कशाला नाव काढू?" ती कुळथातला खडा बाजूला टाकत म्हणाली. "नि तुमच्या आंगावर पोर व्हती. म्हातारी कडक. बोटीची वाट बगितली नसती, तुमाला चालत आंजर्ल्याला लावली असती. कापनी झाली तवा दादा परत आल्ये. जोडवं गावलंय, घरात दावू काय म्हनाले. मी म्हटलं, दावलंत तर कुठं गावलं ते बी सांगायला लागंल. मग ते गप ऱ्हायले."

म्हणजे त्यांनी मला वाचवलं आणि भागीला बुडू दिलं. मला त्यांचा रागही आला. चांगल्या माणसाचं गप्प राहणंही कुणाच्या तरी जिवावर असतं. पण त्यांनी निदान तिचा पऱ्या ओलांडून दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, "तू मला तरी कधी बोलायचंस."

"तुमी कदी इचारलंत?"

तिनं चुलीतली चिमूटभर राख घेतली, जोडवं चोळलं, पदरानं पुसलं. चांदी निघाली. मी म्हटलं, "तूच ठेव गो. मी आता ते घालू शकत नाही." ती पहिल्यांदा हसली, दात नसलेलं, तिखट हसू. "चोरीचा माल मी घरात ठेवीत नाय, वयनी." आणि जोडवं माझ्या तळहातावर ठेवून तिनं माझी मूठ मिटवली. "नि मला सांगून काय व्हनार? मला तर पयल्यापासून म्हायत. त्या दिवशी बेननीला नऊ बायका व्हत्या. त्यांतल्या तिघी अजून हायत. सोमवारी देवळात येतात. त्यांना दावा."

उद्या सोमवार. देवळाच्या पायऱ्या या दिवसांत सगळ्यात निसरड्या, शुभा म्हणते तिथं तर शेवाळाच्या तीन-चार जाती एकत्र नांदतात. मी काठी घेऊन जाणार आहे. जोडवं पदराच्या गाठीत बांधून ठेवलंय. तिघी समोर आल्या की माझी जीभ काय करील कोण जाणे, एकदा तिला न्हाणीचा दगड किती चटकन सुचला होता ते मला आठवतंय. म्हणून हे आजच, सगळं, माझ्या सहीनिशी लिहून शुभाच्या हातात दिलं आहे. तिला सांगितलंय, मी परत आले की मला विचार.